उन्हाळ्यात केलेल्या पानाफुलांच्या वहीला श्रावणात बुरशी: लक्षणे, तपासण्या आणि दुरुस्ती

बागेतील पानेफुले दाबून, वाळवून आणि कागदावर बसवून केलेला संग्रह महाविद्यालयात हर्बेरियम म्हणून आणि घरात नुसती ‘पानांची वही’ म्हणून ओळखला जातो. खान्देशात अशी वही बहुधा मे महिन्याच्या सुटीत तयार होते आणि ऑगस्टमध्ये बिघडते. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने वाळवण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे केले, आणि आता धुळे-जळगावकडच्या ओळखीच्या घरांतून बिघडलेल्या वह्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. तक्रार जवळजवळ दरवेळी एकाच वाक्यात असते: “तेव्हा तर एकदम कडक वाळलं होतं.” बहुतेक वेळा ते तसे वाळलेले नसते, आणि जिथे खरोखरच वाळलेले असते तिथे नंतर सादळलेले असते. औषधे, फवारे आणि गोळ्या यांवर पैसे खर्च करण्याआधी या दोहोंपैकी काय घडले आहे ते शोधावे.

लक्षणे

पांढरे दिसणारे सगळेच बुरशी नसते. देठावर, कळीच्या बुडाशी किंवा पानाच्या मधल्या जाड शिरेवर कापसासारखा पांढरा, राखाडी किंवा हिरवट थर असेल, मऊ कुंचला फिरवताच तो पसरत असेल आणि वही उघडताक्षणी कुबट वास येत असेल, तर ती बुरशी आहे. ती जाड भागावर आधी दिसते, कारण ओल तिथेच शेवटपर्यंत राहते. याउलट रुई, चाफा अशा चीक असलेल्या झाडांच्या देठाजवळ दिसणारे टणक, चकचकीत, पांढरट किंवा पिवळसर थेंब हा वाळलेला चीक असतो. तो तसाच राहू द्यावा.

पानाच्या मागे कागदावर पानाच्याच आकाराचा तपकिरी डाग उमटला असेल किंवा पानाच्या कडा पट्टीखालून सुटून वर वळल्या असतील, तर बुरशी अजून दिसत नसली तरी कारण ओलच आहे. आवळ्याची बारीक पाने किंवा चिंच, गुलमोहर यांच्या पर्णिका (संयुक्त पानातली छोटी पाने) गळून वहीच्या तळाशी साठणे हा मात्र वेगळा दोष आहे. पानांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके पडलेली असतील आणि खाली बारीक तपकिरी भुकटी असेल, तर तो किडीचा उद्योग आहे. कागदाचा पृष्ठभागच खरवडल्यासारखा पातळ झाला असेल, तर कसर लागली आहे. फुले नुसती काळी पडली असतील आणि बाकी सारे ठीक असेल, तर त्यात बिघाड असेलच असे नाही. त्याविषयी पुढे येईल.

पहिली तपासणी: गाल

या तपासणीला काहीही खर्च नाही, तरीही ती क्वचितच कोणी करतो. वहीचे पान आडवे धरून नमुन्याचा सर्वांत जाड भाग गालाला अलगद टेकवावा. जिथे बुरशी दिसते आहे तिथे हे करू नये. शेजारच्या स्वच्छ नमुन्यावर करावे. नमुना गार लागला तर त्यात ओल आहे, कारण पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेते, आणि त्वचेला तेवढा फरक कळतो. पूर्ण वाळलेला नमुना शेजारच्या कोऱ्या कागदाइतकाच कोमट लागतो. बोटांपेक्षा गालाला हे चांगले समजते, विशेषतः कामाने हात रापलेल्या माणसाला.

नमुना अजून कागदावर बसवलेला नसेल, तर तो देठाला धरून उचलून पाहावा. वाळलेला नमुना ताठ राहतो, ओला नमुना टोकाकडून वाकतो. पान चुरचुरले म्हणजे झाले, असे मात्र मानू नये. पातळ पान दोन दिवसांत चुरचुरते, पण त्याच फांदीचे पेर किंवा फुलाचे बूड आठवडाभर ओले राहू शकते. बिबड्या (ज्वारीचे वाळवणाचे पापड) घालणाऱ्या कोणत्याही घरात हे शिकवावे लागत नाही: कडा कडकडीत झाल्या तरी मधला भाग दाबून पाहिल्याशिवाय बिबडी डब्यात जात नाही, आणि गेलीच तर पहिल्या पावसात सगळा डबा हाताचा जातो.

दुसरी तपासणी: वही ठेवलेली जागा

नमुना गालाला गार लागत नसेल आणि तरीही बुरशी येत असेल, तर जागा तपासावी. वाळलेली वनस्पती हवेतील ओल पुन्हा ओढून घेते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते, तर ऑगस्टमध्ये सकाळी ती ऐंशी टक्क्यांच्या वर असते. साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर आर्द्रता अनेक दिवस टिकली की कागदावर आणि वाळलेल्या पानावर बुरशी धरू लागते. म्हणजे मे महिन्यात निर्दोष असलेली वहीसुद्धा चुकीच्या जागी ठेवल्यास तीन महिन्यांत खराब होऊ शकते.

त्यासाठी माझी चाचणी अशी: ज्या फळीवर वही असते तिथे रात्री एक कडक भाजलेला पापड उघडा ठेवावा. सकाळी तो मोडताना आवाज करत असेल तर जागा बरी आहे. तो वाकत असेल तर वहीदेखील रोज रात्री तशीच सादळते आहे. अंकी आर्द्रतामापक काहीशे रुपयांना मिळतो आणि त्याचा आकडा अधिक नेमका असतो, पण पापडाने माझे काम आजवर अडलेले नाही.

भिंतीला टेकलेले कपाट, न्हाणीघराच्या भिंतीमागची फळी, पावसात धाबे किंवा गच्ची पाझरते त्या खोलीतला माळा, या जागा सोडाव्यात. वही भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर ठेवावी.

जागेचाच आणखी एक दोष आहे आणि तो मला सर्वांत जास्त वेळा सापडतो, तो म्हणजे कूलर. बाहेर पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे असतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि अशा दिवसांत पाने आपोआप वाळतील असे सगळ्यांना वाटते. पण त्याच दिवसांत घरातल्या मुख्य खोलीत दिवसरात्र कूलर चालू असतो, आणि तो हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळूनच. पानांचा गठ्ठा त्याच खोलीत, गादीखाली किंवा दप्तराखाली दाबलेला असतो. बाहेरचे वारे निखाऱ्यासारखे असताना आतला गठ्ठा श्रावणातल्यासारखा दमट राहतो. माझ्या भाचीची वही मी स्वतः अशीच बिघडवली होती. कूलरच्या झोतासमोर गठ्ठा ठेवला म्हणजे वारा लागून लवकर वाळेल, असा माझा कयास होता. सहाव्या दिवशी जास्वंदीच्या कळीभोवती मिशा फुटल्यासारखे तंतू दिसले. दुरुस्ती सोपी आहे: गठ्ठा कूलर नसलेल्या खोलीत, नाहीतर गच्चीवर सावलीत ठेवावा आणि संध्याकाळी आत घ्यावा. बांधलेला गठ्ठा उन्हात ठेवला तरी चालतो, मात्र उघडी पानेफुले उन्हात ठेवू नयेत, कारण प्रखर प्रकाशाने हिरवा रंग उडतो.

तिसरी तपासणी: प्लॅस्टिक

वहीची पाने प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात असतील, तर ती काढून बघावीत. शिल्लक ओल कागदातून हळूहळू निघून जाते, प्लॅस्टिकमधून जात नाही, आणि मग पाकिटाच्या आतल्या बाजूला पानाभोवती धुकट वलय दिसते. नमुना कागदाच्या दुमडीत ठेवावा. धुळीपासून रक्षणाला तेवढे पुरते. उष्णतेने लॅमिनेट केलेला नमुना मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला असतो, कारण चिकटलेले प्लॅस्टिक सोडवताना पान त्याच्याबरोबर निघते. आत बुरशी असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि नवा नमुना करावा. चिकटपट्टीही तशीच त्रासदायक: दोन-तीन उन्हाळ्यांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो आणि पट्टी स्वतः सुटून पडते.

चौथी तपासणी: रद्दी किती वेळा बदलली

येथे मी वहीच्या मालकाला एकच प्रश्न विचारतो: पाने ज्यात दाबली तो रद्दीचा कागद पहिल्या चोवीस तासांत बदलला होता का? उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते. ताज्या फांदीतील बरेचसे पाणी पहिल्या दोन दिवसांतच कागदात उतरते. तो कागद तसाच राहिला तर नमुना स्वतःच्याच पाण्यात उबतो, आणि बुरशीला हवी असलेली ऊब आणि ओल दोन्ही आयत्या मिळतात. पहिला बदल एका दिवसानंतर, पुढे चार दिवस रोज आणि नंतर नमुना वाळेपर्यंत एक दिवसाआड, हा क्रम पाळावा. साधा नमुना एकूण सात ते दहा दिवस घेतो. काढलेला ओला कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो, म्हणून खर्चाची सबब चालत नाही. पहिल्या बदलाच्या वेळी पान मऊ असते; पाकळ्या सरळ करणे, एखादे पान उलटे करून मागच्या शिरा दिसतील असे ठेवणे, ही कामे तेव्हाच उरकावीत. दुसऱ्या दिवशी तेच पान हट्टी होते.

रद्दीत गुळगुळीत, रंगीत छपाईचा कागद घेऊ नये. तो पाणी शोषत नाही. दर तीन-चार नमुन्यांमागे एक नालीदार पुठ्ठा घालावा. खोक्याचा पुठ्ठा कापून घेतला तरी चालतो, मात्र त्याच्या नळ्या गठ्ठ्याच्या आखूड बाजूला समांतर असाव्यात, म्हणजे हवेला जवळचा रस्ता मिळतो. जाड पुस्तकांखाली दाबलेल्या वहीत नेमकी हीच सोय नसते, आणि त्यामुळे पुस्तकेही खराब होतात. गठ्ठा वाळताना आकसतो, म्हणून कागद बदलताना दरवेळी गठ्ठ्याभोवतीचा पट्टा पुन्हा आवळावा. तो सैल राहिला की पानावर सुरकुत्या पडतात आणि नंतर त्या जात नाहीत.

पाचवी तपासणी: वनस्पती कोणती

वहीतील बाकी पाने चांगली आणि एकच खराब, असे असेल तर दोष पद्धतीत कमी आणि निवडीत जास्त असतो. कोरफड, शेर, पानफुटी, घोळ अशा रसाळ वनस्पती दाबल्यावरही मरत नाहीत. पानफुटीचा नमुना तीन आठवडे प्रेसमध्ये ठेवून उघडला तेव्हा पानाच्या खाचांतून इवली रोपे, त्यांना पांढरी मुळे आणि ती मुळे वर्तमानपत्राच्या अक्षरांत रुतलेली, असे मी स्वतः पाहिले आहे. जिवंत पेशी पाणी सोडत नाही, म्हणून अशा वनस्पतीला आधी मारावे लागते: फुले पाण्याबाहेर धरून बाकी फांदी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवावी, कापडाने टिपून घ्यावी आणि मग दाबावी. जाड पान असेल तर मागच्या बाजूने चिरून आतला गर खरवडून काढावा.

आवळ्याची बारीक पाने आणि चिंचेच्या पर्णिका गळण्याचे कारणही हेच आहे. संथपणे वाळणाऱ्या फांदीत पेशी काही दिवस जिवंत राहतात आणि झाड दुष्काळात करते तेच करतात, म्हणजे देठाशी तोडथर तयार करून पान टाकून देतात. उकळत्या पाण्याची डुबकी येथेही उपयोगी पडते. गळालेल्या पर्णिका फेकू नयेत; कागदाची छोटी पुडी करून ती वहीच्या त्याच पानावर चिकटवावी आणि तीत त्या ठेवाव्यात. मोठ्या संग्रहालयांतही असेच करतात.

रावेर-यावलकडची मुले हमखास केळफूल आणतात. ते अख्खे दाबले की आतून कुजते. उभा पातळ काप घेऊन, एक लाल पात वेगळी आणि फुलांची एक फणी वेगळी वाळवावी. केळीच्या पानाचाही मधला जाड दांडा मागून तासून घ्यावा.

काळ्या पडलेल्या फुलांविषयी थोडे. मोगरा, चाफा, अनंत ही पांढरी फुले तपकिरी होतात, कारण पेशी फुटल्यावर पाकळीतील द्रव्यांचा विकरांच्या मदतीने हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. कापलेले वांगे काळे पडते तोच हा प्रकार. लवकर वाळवल्यास डाग कमी पडतो, पूर्ण टळत नाही. जास्वंद आणि गोकर्ण यांचे रंग बदलणारच. बोगनवेल, बटनफूल आणि झेंडूच्या सुट्या पाकळ्या रंग चांगला धरतात. पहिलीच वही करणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करावी.

सहावी तपासणी: चिकटवण्याची खळ

मैद्याची खळ स्वस्त आहे आणि कागदाला मानवतेही, पण ती किडीचे आणि बुरशीचे अन्न आहे. बुरशी नमुन्यावर नसून नेमकी त्याच्या कडेने रेषेत दिसत असेल, तर खळीवर संशय घ्यावा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. घरात, विशेषतः मुले हाताळणार असलेल्या वहीत, ते विष घालू नये. त्यापेक्षा नमुना चिकटवूच नये: जाड कार्डशीटवर तो कागदाच्या अरुंद पट्ट्यांनी किंवा दोऱ्याच्या टाक्याने बांधावा, आणि डिंक फक्त पट्टीच्या दोन टोकांना लावावा. असा नमुना पुढे कधीही सोडवता येतो.

सातवी तपासणी: कीड

भोके आणि भुकटी दिसली तर दुसऱ्या सर्व वह्यांपासून ही वही त्याच क्षणी वेगळी करावी. हळकुंड आणि तंबाखू पोखरणारा छोटा तपकिरी भुंगेरा वाळलेली फुलेही तितक्याच आवडीने खातो, त्यामुळे वहीत तंबाखूचे पान ठेवण्याचा घरगुती उपाय या पाहुण्याला जेवण वाढल्यासारखा ठरतो. डांबरगोळ्यांचा वास किडीला काही प्रमाणात दूर ठेवतो, पण आत असलेल्या अळ्या त्याने खात्रीने मरत नाहीत, आणि लहान मुलांच्या खोलीत त्या ठेवणे धोक्याचे आहे.

खात्रीचा उपाय म्हणजे गोठवणे. वही आधी पूर्ण कोरडी असल्याची खात्री करावी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावी. मध्येच बराच वेळ वीज गेली तर दिवस पहिल्यापासून मोजावेत, कारण हळूहळू थंड-गरम होत राहिल्यास काही किडी तग धरतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये. गार कागदावर हवेतील पाणी जमते आणि कीड मारता मारता बुरशीला आमंत्रण मिळते. वाचलेल्या अंड्यांसाठी दोन-तीन आठवड्यांनी हाच क्रम पुन्हा करावा.

बुरशी आलेले पान साफ करणे

हे सर्वांत किचकट काम आहे, म्हणून शेवटी ठेवले आहे. एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालून, उघडीप असलेल्या दिवशी, घराबाहेर सावलीत बसावे. आधी पान दोन दिवस टिपकागदात दाबून कोरडे करावे, कारण ओली बुरशी पुसली की तंतू कागदात घुसतात आणि कोरडी बुरशी झटकली की निघते. मऊ कुंचल्याने, नमुन्याच्या आतून बाहेर, स्वतःपासून दूर झटकावे. पंख्याखाली हे काम करू नये.

स्पिरिट किंवा सॅनिटायझर फवारण्याचा मोह अनेकांना होतो. हरितद्रव्य अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे पान फिके पडते आणि त्याचा हिरवा ओघळ कागदावर कायमचा राहतो. कागदावर डाग असेल तर नमुना सोडवून नव्या कागदावर बसवावा आणि नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली जुनी चिठ्ठी कोरडी झटकून तीच नव्या कागदावर लावावी. नवी लिहिताना तारीख चुकते. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली असेल तर उत्तम, जेलपेनची शाई पहिल्या ओलीतच पसरते. कण्हेर, धोतरा, कळलावी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत; वाळल्याने त्यांचे विष जात नाही.

कुठे थांबावे

घरात कोणाला दमा असेल आणि बुरशी चार-पाच पानांपेक्षा जास्त पसरली असेल, तर साफसफाई स्वतः करू नये. कपाटाच्या मागे मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. वही वाचवून भागणार नाही, कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवावे लागेल. कागद दुमडताच तुटत असेल, किंवा वही आजोबांच्या हातची आणि एकच एक असेल, तर कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडेच न्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे संवर्धन केंद्र आहे. वनस्पतीची ओळखच पटत नसेल तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात विचारावे, आणि तिथे न जमल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात.

आणखी एका ठिकाणी मात्र वही उघडायचीही नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहातून आलेली पाने असतील आणि त्यांच्यावर ‘विषप्रक्रिया केलेली’ असा शिक्का किंवा कागदावर राखी-काळपट छटा दिसत असेल, तर पूर्वी किडीपासून संरक्षणासाठी मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत होती हे लक्षात घ्यावे. तो पारा पन्नास वर्षांनीही तिथेच असतो. अशी पाने झटकू नयेत, गालाला तर मुळीच लावू नयेत. जाड पिशवीत बंद करून, वर ठळक अक्षरांत सूचना लिहून, जाणकाराकडे द्यावीत.

कोणतीही वही कुठेही नेताना दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून आडवी न्यावी. उभी नेल्यास सुटलेले तुकडे तळाशी गोळा होतात, आणि मग कोणती पाकळी कोणत्या पानाची हे सांगणे जाणकारालाही जमत नाही.